जागा दाखवा: नवा मेटल अल्बम ऐकून मत कसं द्यायचं

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात हेवी मेटल संगीत ऐकणारे आहेत, पण विखुरलेले. एक टिळकवाडीत, एक उद्यमबागेत शिफ्टला, एक चिक्कोडीहून रोज कॉलेजला येणारी. मोठा अल्बम आला की रविवारी कुणाच्या तरी खोलीवर चार-सहा जण जमतात, तो ऐकतात आणि मग वाद घालतात. नवखा माणूस तिथं बहुतेक वेळा दोनच शब्द घेऊन येतो, ‘भारी’ आणि ‘बकवास’. शेजारी कन्नड मित्र असला तर तिसरा, ‘छलो ऐती’ (चांगलं आहे). या शब्दांत वाईट काही नाही, पण त्यांच्यापुढं बोलणं सरकत नाही.

गाण्याच्या बैठकीला आपल्याकडं एक चांगला शब्द आहे, ‘जागा’. ‘काय जागा घेतली!’ म्हणणारा नेमकं कुठं आणि काय झालं हे ओळखून दाद देत असतो. कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत जन्मले, ते गाव बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या कानांना जागा ओळखायची सवय नवी नाही. मेटललाही तोच नियम लावायचा. मत कसंही असो, त्याची जागा दाखवता आली पाहिजे: कितवं गाणं, कितवं मिनिट, काय घडलं.

शुक्रवारच्या आधी

१० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात. स्ट्रीमिंगवर ते बहुतेक वेळा आपल्या घड्याळानं गुरुवारी रात्री १२ वाजता दिसतात. त्याआधी दोन-तीन गाणी सुटी आलेली असतात, आणि फसगत होते ती तिथंच. सुटं गाणं निवडणाऱ्याला लोकांचं लक्ष वेधायचं असतं, अल्बमचा नमुना द्यायचा नसतो. मेटालिका या बँडनं २८ नोव्हेंबर २०२२ ला ‘लक्स एटर्ना’ सोडलं. साडेतीन मिनिटांच्या आतलं, सुसाट. १४ एप्रिल २०२३ ला ‘७२ सीझन्स’ आला तेव्हा कळलं की अल्बममधलं सगळ्यात छोटं गाणं तेच होतं. पूर्ण अल्बम ७७ मिनिटांचा, शेवटचं गाणं ११ मिनिटांच्या वर, आणि बराचसा भाग मध्यम चालीचा. सुट्या गाण्यावरून ज्यांनी आधीच निकाल दिला होता, त्यांना तो फिरवावा लागला.

म्हणून शुक्रवारच्या आधी दोनच कामं करायची. त्या बँडचा आधीचा एक अल्बम पूर्ण ऐकायचा, म्हणजे काय बदललं ते कळतं. आणि नव्या अल्बमची लांबी बघून तेवढा वेळ मोकळा ठेवायचा. स्लेयरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ २९ मिनिटांत आटोपतो, तर आयर्न मेडनचा २०२१ चा ‘सेनजुत्सु’ ८२ मिनिटं चालतो. दुसरा अल्बम बसमध्ये तुकड्या-तुकड्यांनी ऐकून त्यावर मत देऊ नये.

चोर्ला घाटातून गोव्याकडं जाणार असाल किंवा कणकुंबी-जांबोटीकडं राहत असाल, तर घरीच डाउनलोड करून घ्या. घाटात रेंजचा भरवसा नाही. ३२० केबीपीएसला मिनिटाला साधारण २.४ एमबी जातात. म्हणजे ‘७२ सीझन्स’ला १८५ एमबीच्या आसपास लागतात.

कानाला काय लावायचं

मोबाइलच्या स्पीकरवर मेटल ऐकून मत देणं म्हणजे फोटो बघून जेवणाची चव सांगणं. कारण साधं आहे. गिटारची सगळ्यात जाड तार साध्या ट्यूनिंगमध्ये ८२ हर्ट्झला वाजते. सात तारांच्या गिटारची खालची तार ६२ हर्ट्झला, बास गिटारची ४१ हर्ट्झला. मोबाइलचा चिमुकला स्पीकर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही वाजवत नाही. तरी सूर ऐकू येतो, कारण वरच्या सहस्वरांवरून मेंदू खालचा सूर अंदाजानं भरून काढतो. वजन मात्र त्याला भरता येत नाही. मग ‘गिटार किरकिरी आहे, दम नाही’ असं मत तयार होतं, आणि ते मत अल्बमवर नसून स्पीकरवर असतं.

वायरचा साधा इअरफोन पुरेसा आहे, महागड्या हेडफोनची गरज नाही. डब्यात रबरी टोप्यांचे तीन आकार येतात. बहुतेक जण आधीपासून लावलेली मधली टोपी तशीच ठेवतात. ती कानात घट्ट बसली नाही तर सगळ्यात आधी बास पळतो. तिन्ही आकार लावून बघा. बोटानं इअरफोन हलकेच आत दाबल्यावर बास एकदम वाढला, तर टोपी छोटी पडतेय.

मग सेटिंग. इक्वलायझर सपाट ठेवा आणि ‘बास बूस्ट’ बंद करा. बूस्टमुळं किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास एकमेकांत कालवले जातात आणि दोष ड्रमरच्या माथी येतो. क्रॉसफेडही बंद हवा, नाहीतर एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर येतं. शफल बंद, हे वेगळं सांगायला नको. फाइल कुणाकडून पेनड्राइव्हवर घेतली असेल तर झांजांकडं कान द्या. झांज ‘छन्न’ वाजायच्या ऐवजी पाण्यात बुडवल्यासारखी सळसळत असेल, तर फाइल दाबून लहान केलेली आहे. त्यावरून मत देऊ नका.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे. आवाज वाढला की तास भराभर कमी होतात. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता. दुसरं ऐकणं दुसऱ्या दिवशी करा.

तीनदा ऐका, तिन्ही वेळा वेगळं

पहिल्यांदा काही लिहायचं नाही. मोबाइल पालथा ठेवायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं. यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची: मन कुठं भरकटलं. ती जागा पुढं कामाला येते.

दुसऱ्यांदा वही घ्या. गाण्याला दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, पण वेळ टाका. पान साधारण असं दिसेल (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, सोलो म्हणजे एकट्या वाद्यानं पुढं येऊन वाजवलेला भाग):

‘३ रं. ०:४० रिफ सुरू, चांगला. १:५५ तोच रिफ अर्ध्या चालीत, मान आपोआप हलली. ३:१० सोलो, लांबला, रिफशी संबंध नाही. शेवट अचानक.’

एवढं पुरतं. ‘दम आहे’, ‘एनर्जी आहे’ असलं लिहू नका, रविवारी ते वाचून तुम्हालाच काही आठवणार नाही. काही अल्बममध्ये गाण्याचा नंबरही कामाचा नसतो. ब्लड इन्कॅन्टेशनच्या ऑक्टोबर २०२४ मधल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’मध्ये गाणी दोनच आहेत, प्रत्येकाचे तीन भाग. तिथं भाग आणि वेळ दोन्ही लिहावं लागतं.

तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐका. हे काम लोक टाळतात आणि नेमके इथंच उघडे पडतात. ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’ २२ नोव्हेंबर २०२४ ला आला. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातं, अशी त्याची कथा. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, कलमांचे आकडे आहेत. शब्द न वाचता ऐकलं तर सूर मध्येच असा का बदलला ते कळत नाही. वाटण्या आणि मृत्युपत्रं आपल्या गावांत कमी नाहीत, तेव्हा कथा समजायला अडचण येऊ नये. याच अल्बममध्ये २००८ नंतर पहिल्यांदा त्यांच्या स्टुडिओ अल्बमवर ग्राउल, म्हणजे खोल गुरगुरणारा गळा, परत आला. हे माहीत नसलेला माणूस ‘नेहमीसारखंच ओरडतात’ म्हणाला, तर जुने चाहते त्याच्याकडं बघतच राहतील.

चाल मोजायची कशी

‘फास्ट’ आणि ‘स्लो’ हे शब्द सगळ्यात जास्त वापरले जातात आणि सगळ्यात जास्त चुकतात. मोबाइलवर १५ सेकंदांचा टायमर लावा, पायानं ठेका धरा, ठोके मोजा आणि चारनं गुणा. ५० आले तर २०० बीपीएम, म्हणजे मिनिटाला २०० ठोके. थ्रॅश हा मेटलचा वेगवान प्रकार साधारण १८० ते २२० मध्ये धावतो, डूम हा संथ, जड प्रकार ६०-७० वर रेंगाळतो.

घोटाळा होतो तो ब्रेकडाउनला. गाणं भरधाव चाललेलं असतं आणि एकदम जड होतं. नवखा म्हणतो, ‘स्पीड कमी केला.’ बऱ्याचदा चाल तीच असते, फक्त स्नेअरचा (काठीनं वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडायचा तो तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडायला लागतो. पाय हलवत राहा. पायाचा वेग बदलला नसेल तर चाल बदललेली नाही. भजनात टाळ तोच राहून पखवाजवाला बोल विरळ करतो, तेव्हा कुणी लय उतरली म्हणत नाही. तसंच हे.

ब्लास्ट बीटमध्ये किक आणि स्नेअर एकाआड एक इतके जलद पडतात की वेगवेगळे ठोके न राहता एक सलग पट्टा तयार होतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगी कडाडायला लागल्यावर जे कानात होतं, तेच. इथं वेग मोजत बसण्यापेक्षा तो पट्टा सारखा आहे की लडखडतो, आणि त्याच्यावर गिटार काय करतेय, ते ऐका. किक टाइपरायटरसारखी ‘टिकटिक’ वाजत असेल तर बहुधा ट्रिगर लावलेत, म्हणजे ड्रमच्या खऱ्या आवाजाच्या जागी किंवा जोडीला साठवलेला आवाज वाजतो. तो आवडला नाही असं जरूर म्हणा. पण ड्रमरला वाजवता येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

गिटारचे दोन शब्द लागतील. तळव्याची कड तारांवर टेकवून वाजवलं की ‘डुग्‌-डुग्‌-डुग्‌’ असा मिटलेला आवाज येतो, ते पाम म्यूट. एकच सूर वर-खाली झरझर छेडत राहिला की ट्रेमोलो. थ्रॅश पहिल्यावर उभा आहे, ब्लॅक मेटल दुसऱ्यावर.

खाली उतरवलेलं जड ट्यूनिंग आलं कुठून, हेही ठाऊक असावं. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त तारा तीन अर्धसुरांनी उतरवल्या. उद्यमबागेत फाउंड्री नाहीतर प्रेसवर काम केलेल्याला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

गळ्याबद्दल

‘नुसता ओरडतोय’ हे वाक्य बैठकीत बोलू नका. ग्राउल करणारा खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वरच्या घड्या कंपवतो, पोटातून श्वास रेटतो, आणि हे तासभर टिकवणं हे शिकलेलं काम आहे. ऐकायचं ते असं: शब्दाची सुरुवात सुटी कळते का, गळा ड्रमच्या ठेक्यावर बसतो की मागं रेंगाळतो, आणि सगळ्या गाण्यांत एकच पोत आहे की खोल, उंच, घोगरा असा फरक आहे. एवढं ऐकूनही नाही आवडला तर खुशाल तसं सांगा.

वाजवणं वेगळं, ध्वनिमुद्रण वेगळं

वहीत या दोघांचे रकाने वेगळे करा. चांगली गाणी वाईट मिक्सनं, म्हणजे वाद्यांचे आवाज एकमेकांत नीट न बसवल्यानं, मारली जातात, आणि बेताची गाणी मोठ्या आवाजावर तरून जातात. शिकायला मेटालिकाचेच तीन अल्बम पुरतात. ते सगळीकडं मिळतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी बदनाम आहेत.

१९८८ चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ लावा आणि फक्त बास गिटार शोधा. जवळजवळ सापडत नाही. क्लिफ बर्टन १९८६ ला गेल्यावर जेसन न्यूस्टेड आला, त्याचा हा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम. मिक्समध्ये त्याचा बास इतका खाली ठेवलाय की गिटार आणि किकच ऐकू येतात. तरी रचना म्हणून अल्बम उत्तम आहे. म्हणजे मत दोन भागांत द्यावं लागतं.

२००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये स्नेअर ऐका. स्नेअरच्या खालच्या तारा सोडून ठेवल्यामुळं तो टणटण करतो, पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. गिटार सोलो एकही नाही. हे दोन्ही जाणून केलेले निर्णय आहेत, अपघात नाहीत. ‘चुकून राहिलं’ आणि ‘मुद्दाम केलं, पण पटलं नाही’ ही दोन वेगळी मतं आहेत.

२००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ तिसरा धडा. आवाज इतका वर दाबला की लाटांची टोकं छाटली गेली आणि मोठ्या भागात सगळं फाटल्यासारखं वाजतं. त्याच वेळी ‘गिटार हीरो’ या खेळात हीच गाणी कमी दाबलेली आली, आणि चाहत्यांना दोन्ही शेजारी ठेवून फरक ऐकता आला. तुमच्या कानाला अशी ओळख पटवायची असेल तर गाण्याचा शांत भाग आणि मोठा भाग पाठोपाठ ऐका. दोन्हींच्या पातळीत फरकच नसेल आणि दोन-तीन गाण्यांतच कान थकत असतील, तर मास्टर, म्हणजे अल्बमची अंतिम ध्वनिप्रत, जास्त दाबलेला आहे.

नवा आणि जुना अल्बम शेजारी लावताना अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन चालू ठेवा. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आहे, मोठ्या आवाजाचा अल्बम त्या पातळीवर खाली आणला जातो. हे बंद ठेवलं तर मोठ्यानं वाजणारा अल्बम आधी आवडतो. कानाची ती जुनी खोड आहे, तिला निकाल देऊ देऊ नका.

रविवारची बैठक

खोली गल्लीत असेल तर भिंत सामायिक असते. रात्री १० नंतर स्पीकर बंद. कायद्यानं राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. गणपतीत ती कोण पाळतं, असा वाद घालून शेजारच्या मावशींपुढं टिकाव लागत नाही. दुपारी ४ ची वेळ बरी. स्पीकर चार्ज केलेला ठेवा, पावसाळ्यात लाइट जाणारच. अल्बम पूर्ण वाजेपर्यंत कुणी बोलायचं नाही. कुंदा मधे ठेवला तर तोंडं आपोआप गप्प राहतात.

बोलायची सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून करा. हा क्रम बदलू नका. २००७ ला आयर्न मेडन आणि २०११ ला मेटालिका बेंगळूरला जाऊन बघितलेला दादा आधी बोलला, की बाकीचे मान डोलावतात आणि वह्या मिटतात. दादांनी शेवटी बोलावं, आणि ‘तेव्हाची मजा राहिली नाही’ हे वाक्य एकदाच वापरावं.

बोलताना आधी काय ऐकलं ते सांगा: कशावर, कितीदा, शब्दांसकट की शब्दांवाचून. मग सगळ्यात पटलेली एक जागा, न पटलेली एक जागा, दोन्हींचं कारण. मग बँडच्या आधीच्या अल्बमशी तुलना, दुसऱ्या बँडशी नाही. डूमच्या बँडला थ्रॅशचा वेग मागणं म्हणजे मांडे खाऊन पुरणपोळीची तक्रार करणं. भाषेचं बंधन नको. मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपलं तरी बेळगावात सगळ्यांना कळतं. ‘नाही पटलं’ला उत्तर ‘तुला कळत नाही’ असं येऊ लागलं, तर ती जागा पुन्हा वाजवा. निम्मे वाद तिथंच मिटतात, उरलेल्या निम्म्यांत मजा असते.

आपल्याकडच्या बँडचा अल्बम आला की माप बदलतं, आणि ते दोन्ही बाजूंनी. बेंगळूरचे क्रिप्टॉस १९९८ पासून वाजवतायत, दिल्लीचे ब्लडीवुड ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घेऊन २०२२ च्या ‘रक्षक’सह बाहेर गाजले. त्यांना ‘आपले आहेत’ म्हणून दोन गुण वाढवून देऊ नका, आणि ‘बाहेरच्यांची नक्कल’ म्हणून ऐकायच्या आधी कापूही नका. इतरांसारखंच तीनदा ऐका, जागा लिहा.

दहापैकी गुण द्यायची घाई नको. पहिल्या आठवड्यात दिलेला ९ सहसा महिनाभर टिकत नाही. वहीत गुणाची जागा कोरी सोडा आणि पानाच्या कोपऱ्यात चार आठवड्यांनंतरची तारीख टाका. त्या दिवशी अल्बम न लावता आधी आठवून बघा, किती रिफ तोंडानं वाजवता येतात. जेवढे येतील ते लिहा, मग अल्बम लावा, आणि पहिल्यांदा ऐकताना मन जिथं भरकटलं होतं त्या जागेपासून सुरू करा. आता तिथं काही सापडलं तर जुनं मत खोडू नका. त्याच्याखाली नवं लिहा, तारखेसकट.